ताईचा मातीकामाचा क्लास

माझी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. आमचं पडद्यांचं दुकान त्या दिवशी बंद. बाकीचे सगळे दिवस मी गळ्यात टेप अडकवून लोकांच्या घरी खिडक्या मोजत फिरते. शिडीवर चढा, उंची घ्या, रुंदी घ्या, पडदा जमिनीला टेकायला हवा पण लोळायला नको हे ऐकून घ्या, आणि एवढं सगळं झाल्यावर घरातला एखादा शहाणा म्हणणार, "पण ही खिडकी तर आम्ही उघडतच नाही, हिला पडदा कशाला?" तेव्हा गुरुवार मला किती प्यारा असेल ते सांगायला नको. आणि हा माझा प्यारा गुरुवार, दुपारचं जेवण झालं की, मी उचलून माझ्या ताईला देत होते. कशासाठी, तर तिला मातीकामाच्या क्लासला जाता यावं म्हणून.

ताई माझ्याहून बरीच मोठी. तिचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, लिफ्टचे मेकॅनिक होते. एका इमारतीत दुरुस्ती करताना पडले ते पडलेच. कमरेखाली काही हलत नाही. हलत नाही, पण दुखतं मात्र! जे हलत नाही ते दुखतं कसं, हे डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितलं होतं. मला अजून पटलेलं नाही. तर भाऊजी पलंगावर, आणि ताई त्या पलंगाभोवती. त्यांना कुशीवर वळवायचं, पुसायचं, पाय चोळायचे, औषधं द्यायची, चादर ओढायची, आणि हे करून जरा टेकली की आतून हाक, "अगं, ऐकलंस का?" ती ऐकायचीच. दोन खोल्यांच्या घरात न ऐकून जाते कुठे?

बरं, माणूस वाईट म्हणावा तर तेही नाही. भाऊजी म्हणजे हसवण्याचं दुकान. घर वरच्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य, "जन्मभर लोकांना वर चढवलं आणि स्वतः जिन्याच्या घरात राहिलो. इतका प्रामाणिक मेकॅनिक दाखवा एक तरी!" भेटायला येणारे पोट धरून हसायचे, आणि जाताना जिन्यात म्हणायचे, काय जिद्द आहे हो माणसाची. ताईची जिद्द कुणाला दिसत नव्हती, कारण ती तेव्हा कप विसळत असायची.

क्लासचं खूळ माझंच. ताईच्या डोळ्यांखाली काळं व्हायला लागलं होतं, आणि बोलता बोलता ती मध्येच थांबायची, काय बोलत होते तेच विसरायची. मी म्हटलं, हे काही खरं नाही. "ताई, छंद लाव काहीतरी स्वतःला. बाहेर पड. मी बसते भाऊजींपाशी." कुठूनसा तो मातीकामाच्या क्लासचा कागद आणला आणि तिच्या हातात कोंबला. भाऊजींनी तर उचलूनच धरलं. "जा जा, खा माती!" म्हणाले. ताई हसली आणि गेली.

पहिले दोन आठवडे ती रिकाम्या हाती आली. मग एक वाडगा घेऊन आली. वाडगा कसला, एका बाजूला तोंड वाकडं करून बसलेलं काहीतरी. पण भाऊजींना काय कौतुक! त्यातून पाणी प्यायले, अर्धं छातीवर सांडलं, तरी म्हणाले, पाण्याला चव आलीय. पुढचा वाडगा कमी वाकडा, त्याच्या पुढचा आणखी कमी. महिने गेले तसे वाडग्यांचे काठ सरळ झाले, बूड बसायला लागलं, रंगसुद्धा एकसारखा लागायला लागला. पलंगासमोरच्या फळीवर ते सगळे ओळीनं मांडलेले. कुणीही आलं की भाऊजी डावीकडून उजवीकडे बोट फिरवत दाखवायचे, "बघा, हात कसा बसत गेलाय!" आणि ताईचा चेहराही उजळला होता. गुरुवारी संध्याकाळी ती जिना चढून यायची तेव्हा तिच्या चालण्यात जरा हलकेपणा असायचा. मला बाई धन्य वाटायचं. आपण एक तरी चांगलं काम केलं म्हणून.

फक्त एक गोष्ट मला खुपायची. जगाला हसवणारे भाऊजी माझ्या वाट्याला आले की एरंडेल प्यायल्यासारखे. ताईची पाठ वळली रे वळली की त्यांचं तोंड आंबट. चहा दिला तर गार, गरम केला तर फार गरम. वर्तमानपत्र वाचून दाखवलं तर म्हणे, "तुझा आवाज डोक्यात जातो." पत्ते काढले तर भिंतीकडे तोंड. एकदा तर सरळ म्हणाले, "तू गप्प बसायचं काय घेशील?" मी तोंडाची तिखट आहे, पण आजारी माणसाला काय बोलणार? दात ओठ खात गप्प बसायची. मनात म्हणायची, माझी हक्काची सुट्टी मी याच्यावर ओवाळून टाकतेय, आणि हा माणूस सगळ्या जगाला विनोद वाटतो आणि मला काटे. संध्याकाळी ताई आली की परत सुरू, "या कुंभारीणबाई, या! तुमच्या बहिणीनं आज माझी फार बडदास्त ठेवली." मला वाटायचं, उशी फेकून मारावी.

आता मी काय घोळ घातला ते ऐका. आमच्या दुकानाच्या मालकीणबाईंना चांगल्या गिऱ्हाइकांना काहीतरी भेट द्यायची होती. मी छाती फुगवून म्हटलं, "माझी ताई काय सुंदर कप करेल! हातानं घडवलेले." बाई खूश. मी त्याच संध्याकाळी ताईकडे गेले आणि भाऊजींच्या समोरच जाहीर केलं, "ताई, तुला ऑर्डर मिळालीय!" भाऊजींनी टाळ्या वाजवल्या. ताईचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आनंदानं. "इतके कप मला कसे जमतील गं?" ती म्हणाली. "न जमायला काय झालं? हात बसलाय आता तुझा," मी म्हटलं. ती हो म्हणाली. ताईला नाही म्हणता येत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं, पण मी आपली हवेत.

पुढच्याच आठवड्यात एका घरी खिडक्या मोजायला गेले, तर गल्ली तीच निघाली, मातीकामाच्या क्लासची. म्हटलं, चला, शिकवणाऱ्या बाईंना भेटू, कपांचा रंग कोणता चांगला दिसेल ते विचारू. पत्र्याची लांब शेड, फळ्यांवर ओली भांडी वाळत घातलेली, आणि कोपरापर्यंत मातीनं माखलेल्या क्लासच्या बाई. मी ताईची ओळख सांगितली.

"अच्छा, त्या!" बाई म्हणाल्या. "त्या पहिले दोन आठवडे आल्या होत्या फक्त. हात फार चांगला होता हो त्यांचा. मग एक दिवस उठल्या आणि म्हणाल्या, मला काही करायचं नाहीये."

"आणि मग वाडगे?"

"ते माझ्याकडून विकत नेतात. आधी म्हणायच्या, वाकडा असेल तो द्या. मी फेकायला काढलेले काही त्यांनीच नेले. मग हळूहळू म्हणायला लागल्या, आता जरा बरा द्या. मला वाटलं, कुणाला भेट देत असतील." बाईंनी हात पुसले. "परवा कपांचंही विचारत होत्या. बरेच हवेत म्हणाल्या."

मी तिथल्या स्टुलावर बसले, ओल्या मातीवरच बसले हे उठल्यावर कळलं. माझी गरीब, सरळमार्गी ताई! वाकड्यापासून सरळपर्यंतची प्रगतीसुद्धा तिनं विकत आणली होती. एकीकडे हसू येत होतं आणि दुसरीकडे तळपायाची आग मस्तकाला जात होती. मला शेंडी लावली! मला!

गुरुवारी मी गेले ती भरलेलीच. भाऊजी आत वर्तमानपत्र वाचत होते. ताई स्वयंपाकघरात बाटलीत पाणी भरत होती, क्लासचा एप्रन पिशवीत घालून तयार.

"आज काय शिकवणार आहेत?" मी गोड आवाजात विचारलं.

"झाकणं," ताई म्हणाली. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

"झाकणं का? छान. मी जाऊन आले हो तुझ्या क्लासला."

बाटली भरून वाहायला लागली. ताईनं नळ बंद केला नाही. मीच केला.

"कुठे जातेस ताई?"

"पोहण्याच्या तलावावर."

"तू? पोहायला?"

"छे गं! तिथे बघणाऱ्यांसाठी पायऱ्या बांधलेल्या असतात ना, त्यांच्यावर बसते. मुलांचे आईबाप बसलेले असतात, पोरं कधी बाहेर येतील म्हणून. त्यांच्यात बसलं की कुणी काही विचारत नाही. प्रत्येकाला वाटतं, हिचंही कुणीतरी पाण्यात असेल."

"आणि काय करतेस तिथे बसून?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काही नाही म्हणजे काही नाही, छोटे! बसते. हात मांडीवर ठेवते आणि बसते."

आता तुम्हाला आमच्या आईबद्दल सांगायला हवं, नाहीतर मी एवढी का भडकले ते कळायचं नाही. आमच्या आईला रिकामे हात बघवत नसत. घरात कुणी नुसतं बसलेलं दिसलं की तिच्या अंगावर काटा यायचा. येता जाता मांडीत काहीतरी टाकायची, उसवायचा सदरा, गुंतलेली लोकर, निवडायचा तांदूळ. ताप आला तरी पडल्या पडल्या दोरा ओवून दे म्हणायची. आम्ही दोघी त्याच तालमीतल्या. पायाला मुंग्या आल्या तरी चालतील, पण हात चालू पाहिजेत. आमच्या घरात 'मी छंद लावून घेतला' म्हणता येतं, कारण छंदातही काहीतरी तयार होतं. 'मी नुसती बसायला चाललेय' असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. म्हणजे ताईनं जे केलं ते आमच्या हिशेबानं चोरी केल्यासारखंच होतं.

"म्हणजे मी माझी सुट्टी जाळते," मी म्हटलं, "ती तू हातावर हात ठेवून बसावंस म्हणून? अगं, निदान मातीला तरी हात लावायचास! आवडला नाही का क्लास?"

"आवडला. पण ते मातीचं भांडं चाकावर सारखं सांभाळायचं. ओलं, घसरणारं. जरा लक्ष हललं की कोसळणार. मला वाटलं, हे तर मी घरी करतेच."

"मग भाऊजींना सरळ सांगायचंस!"

ताईनं माझ्याकडे असं बघितलं की माझा आवाज खाली आला.

"काय सांगू? क्लासला जाते म्हटलं, तर ते मातीसाठी जाणं झालं. नुसतीच जाते म्हटलं, तर त्यांच्यापासून लांब जाणं झालं. आणि खरं तेच आहे गं. त्यांची हाक जिथे ऐकू येणार नाही, अशा ठिकाणी मला बसायचं असतं. सगळा आठवडा मी त्या जागेची वाट बघते. हे मी त्या माणसाला कुठल्या तोंडानं सांगू?"

तरी माझं तोंड गप्प बसेना. "त्यापेक्षा मी घरी झोपले असते," मी म्हटलं.

ताईनं पिशवीतून एप्रन काढला आणि खिळ्याला अडकवला. "मग जा ना. झोप जाऊन," ती म्हणाली. रागावली नव्हती, तेच वाईट होतं.

तेवढ्यात आतून आवाज आला, "कुंभारीणबाई, क्लासला उशीर होत नाही का?" आम्ही दोघी जागच्या जागी गोठलो. मी हळूच डोकावून पाहिलं. भाऊजी वर्तमानपत्रामागून हसत होते, नेहमीसारखेच. माझा जीव भांड्यात पडला. ताई आत गेली आणि म्हणाली, "आज क्लास नाहीये."

पुढच्या गुरुवारी मी घरीच राहिले. दुपारी पडदे ओढून आडवी झाले आणि छताकडे बघत राहिले. झोप कुठली यायला? डोळे मिटले की त्या पायऱ्यांवर बसलेली ताई दिसायची, मांडीवर हात ठेवून. स्वतःचीच चीड आली. काय बिघडलं असतं माझं? ती माती मळो नाहीतर आकाशाकडे बघो, मी दुपार दिली होती ती तिला बरं वाटावं म्हणून ना? मग बरं तर वाटतच होतं. मालकीणबाईंना मी सांगून टाकलं, कप त्या क्लासच्या बाईंकडूनच घ्या.

त्याच्या पुढच्या गुरुवारी तोंड पाडून गेले. "जा ताई, मी आहे," म्हटलं. ती म्हणाली, "क्लास बंद झाला." भाऊजींनाही तिनं तेच सांगितलं होतं. मी हातापाया पडले, तरी ऐकेना. एकदा लाज वाटली की ताई गोगलगायीसारखी आत जाते आणि तिथेच राहते.

मग सगळंच बिघडत गेलं. ताई चहात मीठ घालायला लागली. गॅसपाशी उभी राहायची ती उभीच. एक दिवस भाऊजींच्या हातून चमचा पडला, तर किंचाळली, "मी किती वेळा वाकू?" इतक्या वर्षांत तिचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. लगेच रडली, त्यांच्या कपाळावरून हात फिरवला, माफ करा म्हणाली. त्यांनी त्यावरही विनोद केला. मी दर गुरुवारी जातच होते, पण तिघं मिळून त्या खोलीत बसायचो, आणि भाऊजी विनोदावर विनोद करायचे. थांबायचेच नाहीत. नळ गळतो तसे. हसता हसता मी बघत होते, त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि कपाळावर घाम. मनात आलं, हे आता ताईच्या काळजीनं आजारी पडणार.

एका गुरुवारी औषध संपलं म्हणून ताई खाली मेडिकलमध्ये गेली. तिची पावलं जिन्यावर उतरली, आणि भाऊजींनी माझं मनगट पकडलं. हातात अजून मेकॅनिकचा जोर होता.

"तिला बाहेर घालव," ते म्हणाले. "काहीही कर, पण गुरुवारी तिला बाहेर घालव."

"मी काय कमी प्रयत्न करते? तिलाच तुमच्याशिवाय करमत नाही."

"खोटं बोलू नकोस. लिफ्टमध्ये कुठला बोल्ट सैल आहे ते मी आवाजावरून सांगायचो. स्वयंपाकघरातलं मला ऐकू येणार नाही होय?"

म्हणजे त्या दिवशीचं सगळं त्यांनी ऐकलं होतं. "भाऊजी, तिच्या मनात तसं काही नाही हो, ती थकलीय नुसती, तिला तुमच्याबद्दल..."

"अगं, थांब. मला बरं वाटलं ते ऐकून."

"बरं वाटलं?" मी म्हटलं.

"मी गुरुवारी तुझ्याशी असा का वागतो, विचार केलास कधी?"

"मला वाटलं, तुम्हाला मी आवडत नाही."

"आवडतेस की. नावडती असतीस तर तुलाही विनोद सांगितले असते." त्यांनी मनगट सोडलं. "तिच्यासमोर मी कण्हत नाही. एकदा कण्हलो होतो, अगदी सुरुवातीला. तिचा चेहरा असा काही झाला की मग मलाच तिची समजूत काढत बसावं लागलं. त्यापेक्षा विनोद सोपा. पण माणूस किती विनोद करणार, मेहुणीबाई? मलाही एक दुपार लागते. कुणासमोर तरी घाणेरडं वागायला, तोंड वाकडं करायला. तू दिवसभर लोकांची बोलणी खातेस, तुला सवय असेल म्हटलं."

"फार दुखतं?" मी विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न मी त्यांना एकदाही विचारला नव्हता. कुणीच विचारला नव्हता, सगळे हसण्यात दंग.

"फार," ते म्हणाले. "आणि मला वाटायचं, जी बाई माझ्यासाठी एवढी झिजते, तिच्यापासूनच मला सुट्टी लागते, म्हणजे मी कसला माणूस! त्या दिवशी कळलं, तिलाही माझ्यापासून लागते. केवढं हायसं वाटलं मला. मी एकटाच नव्हतो."

आणि मग त्यांनी डोळे मिटले आणि कण्हले. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. जड कपाट फरशीवरून ओढावं तसा, खोलवरून. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. भाऊजींनी चादरीच्या टोकानं चेहरा पुसला, आणि दार उघडायच्या आत त्यांचं हसू जागेवर. "या! मेडिकलवाल्यानं तुम्हाला भागीदार करून घेतलं की नाही अजून?" ताई कशीबशी हसली. तिची पाठ वळल्यावर त्यांनी ओठांवर बोट ठेवून मला दटावलं. कण्हण्याचं तिला सांगायचं नाही.

सगळा आठवडा मी शिडीवर चढून चुकीची मापं घेतली. एका घरी तर खिडकीपेक्षा पडदा आखूड शिवून झाला, मालकीणबाईंनी मला झाडलं. माझ्या डोक्यात एकच, या दोघांना एकमेकांपासून सोडवायचं कसं? ती लाजेनं घरात अडकलेली आणि हा तिच्या प्रेमापोटी पलंगावर हसत मरतोय.

शेवटी गुरुवारी मी गेले, चपलाही न काढता आतल्या खोलीत उभी राहिले आणि मोठ्यानं म्हटलं, "भाऊजी, ताई कधीच क्लासला जात नव्हती. तलावावर जाऊन नुसती बसत होती. आणि हे सगळे वाडगे विकतचे आहेत."

ताईच्या हातात त्यांचा पाय होता, चोळत होती. ती तशीच थिजली. तिनं माझ्याकडे जे बघितलं ते मी जन्मात विसरणार नाही. सख्ख्या बहिणीनं गळा कापावा तसं.

भाऊजींनी फळीकडे बघितलं. "विकतचे? सगळे?"

"सगळे," मी म्हटलं.

"तो पहिला वाकडासुद्धा?"

ताईनं मान डोलावली. तिच्या गालांवरून धारा लागल्या होत्या.

"आणि मी जगाला सांगत बसलो, हिचा हात बसतोय म्हणून!" भाऊजी हसले. हे त्यांचं नेहमीचं हसू नव्हतं, खरं होतं, कारण त्यानं त्यांना ठसका लागला. ताईनं पाणी पुढे केलं. ते प्यायले आणि म्हणाले, "मग आज का गेली नाहीस?"

"तुम्हाला राग नाही आला?"

"आलाय ना. तू गुरुवारी घरात ठाण मांडून बसतेस, त्याचा आलाय. अगं, मलाही एक दुपार तुझ्याशिवाय लागते."

ताईनं डोळे पुसले. "माझ्याशिवाय? का?"

"ते विचारायचं नाही. तू तिथे काय करतेस, ते मी विचारतोय का?"

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. तिला काय कळलं आणि काय नाही, हे मला सांगता येणार नाही, पण ती त्यांची बायको आहे, काहीतरी कळलं असणारच. तिनं त्यांचा पाय नीट ठेवला, चादर ओढली, आणि उठून चपला घातल्या.

"पिशवी?" मी म्हटलं.

"कशाला? काय न्यायचंय?" ताई म्हणाली, आणि मोकळे हात हलवत जिना उतरली.

भाऊजी दाराकडे बघत होते. हसू अजून चेहऱ्यावर तसंच, घट्ट धरलेलं. "गेली का?"

मी खिडकीतून वाकून पाहिलं. ताई रस्त्यावर आली होती. एकदा वर बघेल असं मला वाटलं, पण तिनं बघितलं नाही, ती कोपऱ्यावर वळली.

"गेली," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की, भाऊजी."

त्यांचं हसू गळून पडलं. त्यांनी पलंगाची कड धरली आणि ओठ मिटून, नाकातून, अगदी हळू कण्हायला लागले. इतक्या दिवसांची सवय. मी खिडकी लावून घेतली, त्यांच्या उशाशी बसले आणि त्यांचा हात हातात घेतला.

"मोठ्यानं कण्हा, भाऊजी," मी म्हटलं. "तिला ऐकू जात नाही."